नावं वाचायची की नाही

आमच्या चर्चच्या मंडळीत यंदापर्यंत उपासना संपता संपता चिटणीस उभे राहायचे आणि खिशातला कागद उलगडायचे. अमुक कुटुंबाकडून नव्या गाडीबद्दल उपकारस्तुतीचं दान पाच हजार, तमुक कुटुंबाकडून मुलाच्या नोकरीबद्दल दोन हजार. यादी मोठ्या रकमेपासून खाली उतरत पन्नास रुपयांवर यायची, तोवर मागच्या बाकांवरचे लोक चपला शोधायला लागलेले असायचे.

मी या मंडळीची खजिनदार. माहेर कोल्हापूरचं, सासर वास्कोचं. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की इगर्ज म्हणजे कॅथलिक चर्च, फेस्त म्हणजे संताचा उत्सव, आणि पाद्री. आम्ही मराठीतून उपासना करणारे प्रॉटेस्टंट कुणाच्या खिजगणतीत नसतो. शेजारीण अजून विचारते, "तुमकां मीस ना?", म्हणजे कॅथलिकांची रविवारची उपासना तुम्हाला नाही का? असो. तर थैलीतलं दान मोजायचं काम माझं, आणि त्यामुळे काही गोष्टी मला दिसतात ज्या वेदीवरून दिसत नाहीत. एक पन्नासाची नोट नेहमी चारदा दुमडलेली असते, इतकी घट्ट की नखाने उलगडावी लागते. ती कुणाची हे मला ठाऊक आहे. वास्कोतच बायणाला राहते, तीन घरची धुणीभांडी करते. आकडा आणि नाव एका दमात वाचलं जायचं तेव्हा ती मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसायची.

दानाचा विषय निघाला की बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली, मंदिराच्या दानपेटीत पैसे टाकणारी गरीब विधवा ठरलेली. दोन टोल्या म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, मिळून एक दमडी, पण तिची सगळी उपजीविका. बघा, तिने किती दिलं! पण हे प्रवचन कायम एक्केचाळिसाव्या ओवीपासून सुरू होतं. त्याच्या अगदी वरच्या तीन ओव्यांत येशू शास्त्र्यांविषयी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांविषयी, बोलतोय: लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानात पहिली जागा धरणारे, आणि विधवांची घरं गिळणारे. त्यानंतर लगेच विधवा येते. आणि पुढचा अध्याय उघडला की शिष्य मंदिराचे मोठाले चिरे बघून हरखलेत आणि येशू म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणजे तिने शेवटची दमडी टाकली ती पडणार असलेल्या इमारतीत. मला तरी हे नुसतं कौतुक वाटत नाही. ज्यांनी तिला सांभाळायचं तेच तिच्याकडून घेतायत, हे तो शिष्यांना जवळ बोलावून दाखवतोय. पाळकसाहेबांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "बाई, असं वाचलं तर दान कमी होईल." माणूस प्रामाणिक आहे, एवढं म्हणेन.

देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला हे आम्ही रविवारच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेतो. मग मोठ्यांच्या उपासनेत त्याच प्रतिरूपाला किंमतीची चिठ्ठी कशी लागते?

हे दुखणं आजचं नाही, आणि फक्त आमचंही नाही. दिवाडी बेटावरचा मातेउश द काश्त्रु. गोव्याच्या तेव्हाच्या आर्चबिशपने त्याला पाद्रीपदाची दीक्षा द्यायचं नाकारलं, कारण तो इथला. तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि 1637 मध्ये बिशपसुद्धा. परत आल्यावर इथल्या पोर्तुगीज मंडळींनी त्याला बिशप मानायचं नाकारलं ते नाकारलंच. ज्यांच्या हातात पदं होती त्यांना श्रद्धा दिसली नाही, कातडी दिसली.

दुसरा गोव्याचाच पाद्री, जुझे वाझ. जन्म 1651 चा, बाणावलीचा. घर सांकवाळला, म्हणजे आमच्या वास्कोपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही संतांना नवस करणारे नाही, पण जानेवारीत शेजारणीबरोबर तिथल्या फेस्ताला मी जाते. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेल्या श्रीलंकेत हा 1687 मध्ये मजुराच्या वेशात शिरला. कँडीत 1697 ला देवीची साथ आली, लोक घरच्यांनाही टाकून पळाले, तेव्हा हा रोग्यांची सेवा करत तिथेच राहिला. पुढे मोठं पद देऊ केलं तर नको म्हणाला. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत जाहीर केलं, पण मला त्याचं ते 'नको' जास्त मोलाचं वाटतं. आमच्याकडे पंच कमिटीच्या निवडणुकीला गट पडतात, रात्री फोन फिरतात.

तर यंदाच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला. दानाची नावं आणि रकमा वाचायच्या नाहीत. ज्याची त्याला पावती. त्याउलट खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला दारातल्या फलकावर लागेल: हॉलचं भाडं, पाळकांचा पगार, कमिटीच्या चहाबिस्किटांसकट. थैली दोघांनी मिळून मोजायची आणि त्यातला एक कमिटीबाहेरचा. पहिल्या भागावर खूप वादावादी झाली. एक काका म्हणाले, "नाव वाचलं नाही तर देणाऱ्याला उत्तेजन कसं मिळणार?" दुसऱ्या भागावर कुणी तोंड उघडलं नाही, फलकाविरुद्ध बोलणार तरी काय? दोन्ही भाग मंजूर झाले, पहिला थोड्याच मतांनी.

सुगीच्या सणातल्या लिलावाचं मात्र भिजत घोंगडं आहे. तिथे एक दुधीभोपळा दोन हजारांवर जातो आणि प्रत्येक बोलीला नावाचा पुकारा होतो. मी विषय काढला की सगळे हसतात. आणि भाव चढवणाऱ्यांत आमचे हेच सर्वांत पुढे असतात, तेव्हा ती लढाई आधी स्वयंपाकघरात लढावी लागणार.