मावशी, झेंडा मोठा काढा

जुलै लागला की माझ्या मशीनवरून चार रिळं उतरत नाहीत. केशरी, पांढरं, हिरवं आणि नेव्ही ब्लू. नांदेडात माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. एरवी शाळांचे मोनोग्राम, दवाखान्याच्या अ‍ॅप्रनवरची नावं, ब्लाउजच्या बाह्या, गुरुद्वाऱ्यात अर्पण करायचे रुमाले अशी कामं असतात. पण १५ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर, म्हणजे स्वातंत्र्यदिन ते मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा बिल्ल्यांचा सीझन. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या अकॅडम्या, कबड्डी-खो-खोचे संघ, ढोल पथकं, सायकल ग्रुप, सगळ्यांना छातीवर तिरंगा हवा असतो. मला हे काम मनापासून आवडतं. म्हणूनच त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी बिल्ल्याचं सांगते, कारण लोकांना वाटतं तीन पट्टे मारले की झालं. माझं नेहमीचं माप तीन इंच बाय दोन इंच. ३:२ हे प्रमाण सोडायचं नाही. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं मानक राष्ट्रध्वजाचंच आहे, आणि त्यातला सगळ्यात लहान झेंडा १५० बाय १०० मिलिमीटरचा, टेबलावर ठेवायचा. माझा बिल्ला लांबीरुंदीला त्याच्या निम्मा. त्यात मधल्या पांढऱ्या पट्ट्याला पाऊण इंचसुद्धा मिळत नाही, आणि तेवढ्यात २४ आऱ्यांचं चक्र बसवायचं असतं. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याने भरगच्च टाका घातला तर आरे मध्याजवळ एकमेकांवर चढतात आणि चक्राचा नुसता निळा ठिपका होतो. बाजारात डझनावर मिळणारे बिल्ले उचलून बघा, बहुतेकांवर हाच ठिपका दिसेल. मी डिझाईन पंच करून, म्हणजे मशीनसाठी कॉम्प्युटरवर टाके आखून घेताना आरे एकेरी साध्या टाक्याचे ठेवले आहेत. चक्रासाठी ६० नंबरचा बारीक धागा लावते, त्यासाठी सुईही बारीक घालते आणि मशीनचा स्पीड निम्म्यावर आणते. वेळ जास्त जातो. "एवढे आरे कोण मोजायलंय?" असं गिऱ्हाईक म्हणतं. मी मोजते.

थेट कपड्यावर मी झेंडा काढत नाही. वेगळ्या कापडावर बिल्ला काढून, कडा बंद करून, मग तो छातीवर शिवते. यामागे कायदा आहे. २६ जानेवारी २००२ ला ध्वजसंहिता लागू झाली तेव्हा पोशाखात झेंडा वापरायला परवानगीच नव्हती. २००५ मध्ये ध्वजसंहिता आणि १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबाबतचा कायदा, दोन्ही बदलले आणि कमरेच्या वरच्या पोशाखावर झेंडा चालू लागला. कमरेच्या खाली आजही चालत नाही. उशी, हातरुमाल, नॅपकिन, आतले कपडे आणि ड्रेस मटेरियल यांवर भरतकाम करून किंवा छापून चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दरवर्षी कुणीतरी ट्रॅकसूटची लोअर घेऊन येतं आणि मांडीवर झेंडा मागतं. एका धावपटू पोरीने तर माझ्याशी वाद घातला, "ताई, पळायलोत तर पायानीच ना!" तिचं म्हणणं मला पटलंही, पण बिल्ला छातीवरच शिवला. तिरंगी हातरुमालांची मोठी ऑर्डर मी परत पाठवते. रुमालाने लोक घाम पुसतात, नाक पुसतात.

आमच्याच गावात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. तिथे खादीचे झेंडे तयार होतात, कापड उदगीरच्या केंद्रातून येतं. तिथले झेंडे इमारतींवर चढतात, माझे माणसांच्या अंगावर. इतकी वर्षं हे काम करून माझी एका गोष्टीबद्दल खात्री झाली आहे : झेंडा इमारतीवर असला तर लोक झेंडा बघतात, आणि अंगावर असला तर लोक ज्याच्या अंगावर आहे तो माणूस बघतात. त्याचं वय, त्याची दाढी, त्याचं आडनाव, तो कोणत्या गल्लीतून आला हे बघतात, आणि मग झेंड्याचा अर्थ लावतात.

पन्नाशीच्या माणसाने पांढऱ्या शर्टावर तिरंगी बिल्ला लावला की खेड्यात पहिला प्रश्न येतो, "कोणत्या पार्टीत?" तिरंगी उपरणं तर हमखास पक्षाचंच वाटतं, कारण काँग्रेसच्या झेंड्याचे रंगही तेच. निवृत्त फौजी तोच बिल्ला लावून एसटीत चढला तर कंडक्टर आपली जागा देतो. कबड्डीच्या पोरींनी ट्रॅकसूट घातले की आजूबाजूच्या बाया कौतुकाने विचारतात, "इंडियाकडून खेळतीस का गं?" तालुक्याच्या स्पर्धेला निघालेली पोरगी लाजते, पण ताठ चालते. ते ताठ चालणं बघितलं की बारीक सुईची सगळी कटकट मी विसरते.

दुसऱ्या देशांचे झेंडेही आपल्या अंगावर भरपूर असतात, फक्त ते कुणाच्या नजरेत येत नाहीत. आठवडी बाजारात टी-शर्टच्या ढिगात ब्रिटनचा युनियन जॅक आणि अमेरिकेचे तारे-पट्टे कायम सापडतात. अमेरिकेच्या स्वतःच्या ध्वजसंहितेत झेंडा कपडा म्हणून वापरू नये असं लिहिलेलं आहे. कोटावरची झेंड्याची पिन डाव्या बाजूला, हृदयाजवळ लावावी असंही आहे. पण तिथे ती नुसती सूचना, शिक्षा कुणाला होत नाही, आणि लोक ४ जुलैला टोपीपासून चड्डीपर्यंत झेंडा घालतात. आपल्याकडे आला की तो झेंडा नुसतं डिझाईन होतो. एका गावात १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाला एक पोरगा युनियन जॅकचा टी-शर्ट घालून पहिल्या रांगेत उभा असलेला मी बघितला. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या पोराला बोल लावावा असं मला मुळीच वाटलं नाही, त्याने तो स्वस्त मिळाला म्हणून घेतला असणार. पण अशीच सवलत सगळ्यांना मिळत नाही, हे मला खुपतं.

हिरव्या कापडावर चांदतारा काढायची ऑर्डर ईदच्या आधी येते. दर्ग्याची चादर असते, मिरवणुकीतले झेंडे असतात, पोरांचे गमछे असतात. पाकिस्तानचा झेंडा वेगळा आहे. त्यात काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो, हिरवा रंग गडद असतो. धार्मिक झेंड्यात तो पांढरा पट्टा नसतो. माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईला हा फरक दहा फुटांवरून कळतो. पण मोबाईलवरच्या फोटोत कुणी तो बघायच्या भानगडीत पडत नाही. फोटो फिरतो, खाली काहीतरी लिहिलेलं असतं, आणि तासाभरात आयाबायांच्या जिवाला घोर लागतो. मला भेटेल त्याला मी पांढऱ्या पट्ट्याची खूण सांगते. एवढी साधी गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

रंगांचं असंच आहे. फेब्रुवारीत शिवजयंतीचे भगवे गमछे, एप्रिलमध्ये १४ तारखेचे निळे, माझ्या एकाच मशीनवर निघतात. निळ्या गमछ्यावर अशोकचक्र असतं, तेही २४ आऱ्यांचंच, आणि मी ते तितक्याच काळजीने काढते. आमच्या पिढीने नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून पेटलेला काळ बघितलेला आहे. १९७८ पासून १९९४ पर्यंत मराठवाड्यात निळा रंग अंगावर असणं काय होतं, हे ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. तेव्हा रंगावरून माणूस ओळखायचा आणि त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवायचं, हे सर्रास चालायचं. म्हणून कपड्यावरच्या खुणेबद्दल कुणी "त्यात काय एवढं" म्हटलं की मला ते हलक्यात घेता येत नाही.

आता माझ्या आजीची गोष्ट. तिचं माहेर उमरीकडचं. हैदराबाद संस्थानात सरकारी झेंडा पिवळा, मधोमध पांढरा कुलचा, म्हणजे गोल भाकरीसारखी खूण. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळीकडे तिरंगा लागला, पण निजामाच्या राज्यात तो लावणं गुन्हा होता. त्याच दिवशी हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकारांचे, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे. आजी सांगायची, तिचा मोठा भाऊ तिरंगी बिल्ला सदऱ्याच्या आतल्या बाजूने टाचायचा. पिन कधी कधी कातडीला लागायची. बाहेरून काही दिसायचं नाही, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं. रझाकार रस्त्यात अडवायचे तेव्हा टोपी बघायचे, खादी बघायचे, बोलायची तऱ्हा बघायचे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्याने तोच बिल्ला काढून सदऱ्यावर लावला, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे कित्येक दिवस तो हात लावून लावून बघायचा की अजून आहे ना.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली. पण तिचा खरा अर्थ गेल्या दोन-तीन वर्षांत, दुकानाच्या काउंटरवर माझ्या ध्यानात यायला लागला.

भरतीची तयारी करणारी दोन पोरं एकाच अकॅडमीची, एकत्रच आली होती. पहाटे एकाच मैदानावर पळतात, एकाच टपरीवर चहा पितात. एक खेड्यातून येऊन खोली करून राहणारा मराठा शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा इतवाऱ्याकडचा मुसलमान, त्याचे वडील वेल्डिंगचं काम करतात. दोघांचे ट्रॅकसूट सारखे. पहिला म्हणाला, "मावशी, बारीक काढा, दोन इंची, सोबर दिसतंय." दुसरा म्हणाला, "मावशी, माझा मोठा काढा. लांबून दिसला पाहिजे." मी म्हटलं, तीन इंची सगळ्यांना शोभतो. तो म्हणाला, "शोभायचं नाय मावशी. रात्री अभ्यासिकेतून घरी जाताना चौकात पोरं विचारतेत, कुठं चालला, नाव काय. झेंडा दिसला की जाऊ देतेत." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पाऊस आला तर छत्री घ्यावी तसं सांगितलं. आणि मग थोडं थांबून म्हणाला, "कधी कधी झेंडा बघून पण बोलतेत. म्हणतेत, नाटक करायलाय."

मित्र शेजारीच उभा होता. त्याला हे माहीत नसावं. तो काही बोलला नाही, नुसता ट्रॅकसूटची चेन वर-खाली करत राहिला.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आजीच्या भावाला झेंडा आत लपवावा लागत होता, कारण रस्त्यावर उभा असलेला कुणीतरी त्याची परीक्षा घेत होता. या पोराला तोच झेंडा चार इंचाचा करून बाहेर दाखवावा लागतो, कारण रस्त्यावर उभा असलेला कुणीतरी त्याची परीक्षा घेतो. एकाने दोन इंची मागितला तो आवड म्हणून, आणि दुसऱ्याला आवडीनिवडीची मोकळीकच नाही. १९४८ ला आपण ज्यातून सुटलो त्यात ही अडवून विचारायची मोकाट सत्ताही होती, असं मला वाटतं. ती परत कुणाच्या हातात जाऊ नये. ज्याला झेंडा लावायचा त्याने लावावा, ज्याला लावायचा नाही त्याने लावू नये, आणि कोण किती इंचाचा लावतो यावरून त्याचं देशप्रेम मोजायला कुणीही चौकात उभं राहू नये.

त्यांच्या अकॅडमीच्या सरांशी मी बोलले. ते स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी एका मिनिटात सांगितलं की युनिफॉर्मवर सगळ्यांची खूण एकाच मापाची असते, फौजेत कुणी आपल्या मर्जीने झेंडा लहानमोठा करत नाही. या वर्षी अकॅडमीचे सगळे ट्रॅकसूट तीन इंचीच बिल्ल्याचे निघाले. सरांनी पोरांना आणखी एक गोष्ट सांगितली ती मला आवडली : ट्रॅकसूट फाटला, विटला तर तो पुसायला घेऊ नका, बिल्ला आधी काढून घ्या. ध्वजसंहितेत खराब झालेला झेंडा एकांतात, मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावा असं म्हटलं आहे. तेव्हापासून जुने कपडे घेऊन कुणी आलं तर मी बिल्ला उसवून देते. तुम्हीही आणून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

तो पोरगा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आला. ट्रॅकसूट तीन इंचीच होता, पण सोबत त्याने स्वतःचं एक काळं जॅकेट आणलं होतं, रात्री घालायचं. त्यावर चार इंचीच बिल्ला पाहिजे म्हणाला. मी त्याला समजावत बसले नाही. रात्रीच्या रस्त्यावर तो चालतो, मी नाही. बिल्ला काढून दिला आणि पैसे तीन इंचीचेच घेतले. तो पूर्ण द्यायला लागला, तर मी त्याला सांगितलं की वरचा इंच काही त्याने हौसेने मागितलेला नाही.