बॅगेवर उणे दहा लिहिलं होतं आणि मी रात्रभर कुडकुडले

परवा मावसभावाचा मेसेज आला, "ताई, २६ डिसेंबरला केदारकंठाला चाललोय, ही स्लीपिंग बॅग घेऊ का, मायनस टेन लिहिलंय, चालेल ना?" आणि खाली ऑनलाइन साइटवरचा फोटो. केदारकंठा म्हणजे उत्तराखंडात, हिमालयातला बर्फातला ट्रेक. मी टाइप करायला लागले आणि मग सोडून दिलं, सरळ फोनच लावला, कारण हाच आकडा बघून मी स्वतः एकदा निर्धास्त झाले होते आणि ती रात्र मला अजून आठवते. फोनवर अर्धा तास बोलूनही बरंच राहिलं म्हणून इथे नीट लिहितेय, थंडीत पहिल्यांदा ट्रेकला जाणाऱ्या कुणालाही कामाला येईल.

माझा केदारकंठा पण डिसेंबरातलाच. पहिला कॅम्प जुडा का तालाबला, साधारण ९,००० फुटांवर. तळं गोठलेलं, भोवती देवदार, दिवसा इतकं सुंदर की बघत राहावं. पण तळ्याच्या खोलगट जागेत रात्री थंड हवा उतरून साचते हे तेव्हा डोक्यात नव्हतं. बॅग आयोजकांकडून भाड्याने घेतलेली, वर मोठ्या अक्षरात उणे १० लिहिलेलं, आणि त्या रात्री बाहेर फार तर उणे ५-६ असेल. म्हणजे हिशोबाने मला घाम यायला हवा होता ना.

रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती कमरेच्या हाडाने. कुशीवर झोपले होते आणि जिथे हाड जमिनीला टेकतं बरोब्बर तिथेच गार, जणू फरशीवर झोपलेय. मग लक्षात आलं की उजव्या बाजूने चेनच्या रेषेत खांद्यापासून घोट्यापर्यंत एक गार पट्टा लागतोय, बोट फिरवलं तर चेनच्या दातांतून हवा आत येतेय. उठून होतं नव्हतं ते सगळं घातलं, दोन थर्मल, फ्लीस, वर जाडजूड जॅकेट, आणि त्या अरुंद बॅगेत स्वतःला कोंबलं. तरी थंडी वाजतच राहिली, उलट जास्तच. उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत बर्फाचे पापुद्रे हलत होते त्यांचा आवाज येत होता. पहाटेपर्यंत घड्याळ बघत काढली.

सकाळी आमच्या गाइडला सांगितलं तर तो काही न बोलता माझी बॅग घेऊन बाहेर गेला आणि उन्हासमोर धरली. आतलं सगळं भरण कडेला सरकलेलं, मधे आरपार उजेड दिसत होता, नुसतं कापडाला कापड. "दीदी, इसमें कुछ बचा ही नहीं है." आपल्याकडे जुन्या गादीत कापसाच्या गाठी होतात आणि मधे नुसतं कापड उरतं ना, तस्संच. बदली बॅग नव्हती. मग दुसऱ्या रात्री, ११,००० फुटांच्या वरच्या कॅम्पला, त्याने मला अंगाखाली अंथरायला एकाऐवजी दोन कॅरीमॅट (फोमच्या मॅट) दिल्या, बॅगेच्या आत घालायला फ्लीसचं लायनर, म्हणजे अस्तरासारखी पातळ पिशवी दिली, गरम पाण्याने भरलेली बाटली मोज्यात घालून पोटाशी ठेवायला दिली आणि जाड जॅकेट अंगात न घालता वरून पांघरायला सांगितलं. बॅग तीच, जागा आणखी उंच, थंडी आणखी जास्त, आणि मी सलग पाच तास झोपले!

त्या दिवसापासून मी हा विषय धरूनच बसलेय म्हणा ना.

पहिली गोष्ट, बॅग गरम करत नाही. गरम आपण असतो, बॅग फक्त आपली ऊब धरून ठेवते, आणि ती धरते आतल्या भरणात अडकलेल्या हवेने. गादी पिंजून आणली की कशी फुगते आणि त्या पहिल्या आठवड्यात किती उबदार लागते, तेच तत्त्व. फुगवटा गेला की ऊब गेली. म्हणून मी होते नव्हते ते सगळे कपडे घालून आत घुसले तेव्हा आतून दाबून होता नव्हता तो फुगवटाही घालवला. आणि म्हणूनच अंगाखालची बाजू कधीच काम करत नाही, आपल्याच वजनाने चेपलेली असते, तिथे ऊब राखायची ती मॅटने. लोक बॅगेवर दहा हजार घालतात आणि खाली योगा मॅट अंथरतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. मॅटची ऊब आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त. साधी फोमची घडीची मॅट साधारण २ च्या आसपास असते, बर्फावर झोपायचं तर ४-५ तरी हवी, आणि चांगली गोष्ट म्हणजे एकावर एक दोन टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. गाइडला हे आकडे माहीत असतील नसतील, पण त्याने केलं ते नेमकं हेच.

आता तो उणे दहाचा आकडा. बॅगेची ऊब मोजायचं एक मानक आहे, आधी युरोपचं ईएन १३५३७ होतं, आता आयएसओ २३५३७. त्यात माणसाच्या आकाराचा तापवलेला पुतळा थर्मल घालून बॅगेत ठेवतात, खाली मॅट असते, आणि मोजमाप करून वेगवेगळे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई हातपाय मोकळे ठेवून निवांत झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष पाय पोटाशी घेऊन कशीबशी झोप काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे झोपेचा आकडाच नाही तो, त्या थंडीत बाई सहा तास जीव वाचवून राहू शकेल एवढाच त्याचा अर्थ, हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीर जिवावर बेतेल इतकं गार पडण्याचा धोका धरून. एखाद्या बॅगेचं कम्फर्ट ० असेल तर लिमिट साधारण उणे ५-६ येतं आणि एक्स्ट्रीम पार उणे वीसच्याही खाली जातं. म्हणजे बघा, एकच बॅग, आणि विकणारा कुठला आकडा मोठा छापतो त्यावर सगळं. भावाने पाठवलेल्या फोटोत नुसतं उणे १० होतं, ते कम्फर्ट की लिमिट की एक्स्ट्रीम कुठेच लिहिलेलं नाही, मानकाचा उल्लेख नाही. असा आकडा मी आता आकडा धरतच नाही. कम्फर्ट बघायचं, बस. आणि बायकांनो तुम्ही तर फक्त आणि फक्त कम्फर्ट, ग्रुपमधला कुणी मित्र "अगं मी लिमिटवर आरामात झोपतो" म्हणाला तरी.

किती कम्फर्ट घ्यायचं यासाठी जिथे झोपणार तिथला अंदाज हवा, पायथ्याच्या गावाचा नाही. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. केदारकंठ्याच्या पायथ्याचं सांकरी गाव १,९५० मीटरच्या आसपास आणि वरचा कॅम्प ३,४०० च्या आसपास, म्हणजे मोबाइलवर सांकरीचं रात्रीचं तापमान ० दिसत असेल तर वर उणे ९ धरून चला, वारा वेगळा. अशा ठिकाणी मी स्वतः कम्फर्ट उणे ५ ची बॅग, आत लायनर आणि खाली दोन मॅट असं नेते. तंबूत बाहेरच्यापेक्षा थोडं बरं असतं, आणि पूर्ण उणे १० कम्फर्टची बॅग पाठीवर वाहायची माझी तयारी नसते.

डाउन की सिंथेटिक यावर ट्रेकर लोक तासनतास भांडतात. डाउन म्हणजे बदक-हंसाच्या छातीवरची मऊ लव, वजनाला हलकी, दाबली की एवढीशी होते, सोडली की परत फुलते. त्याच उबेची सिंथेटिक बॅग वजनाला सहज दीडपट भरते आणि सॅकमधली अर्धी जागा खाते. पण डाउन भिजलं की गोळा होऊन बसतं, ऊब संपली, आणि वाळायला दिवस लागतात. सिंथेटिक ओलं झालं तरी थोडीफार साथ देतं आणि लवकर सुकतं. डाउनवर ६५०, ८०० असे फिल पॉवरचे आकडे असतात, म्हणजे एक औंस डाउन किती घन इंच फुगतं ते, पण नुसत्या त्यावर भुलू नका, आत किती ग्रॅम भरलंय ते विचारा. ८०० चं पाव किलो भरलेल्या बॅगेपेक्षा ६५० चं अर्धा किलो भरलेली बॅग जास्त उबदार असणार.

मी काय घेतली तर सिंथेटिक, आणि कारण आपला सह्याद्री. माझ्या वर्षातल्या रात्रींपैकी हिमालयात फार तर चार-पाच, बाकी सगळ्या हरिश्चंद्रगड, रतनगड, राजमाची. इथे थंडी एक आकडी असते, गोठवणारी नसते, पण दव! कोकणकड्याजवळ जानेवारीत सकाळी तंबूच्या आतल्या बाजूने थेंब ठिबकतात, पायाकडची बॅग कापडाला टेकून ओलीचिंब झालेली असते. तिथे डाउन न्यायचं मला धाडस होत नाही. फक्त सह्याद्रीच करत असाल तर कम्फर्ट ५ ची बॅग भरपूर झाली, उगाच उणेवाली घेऊन रात्रभर घामाघूम व्हाल. लडाख-स्पितीला वारंवार जाणाऱ्याचं गणित वेगळं, तिथली हवा कोरडी, त्याने खुशाल डाउन घ्यावं.

दुकानात गेलात तर लाज न बाळगता आत शिरून झोपा. बॅगेची टोपी बांधून, चेन पूर्ण लावून, कूस बदलून बघा. चेनच्या मागे आतून कापसाच्या गुंडाळीसारखी जाड पट्टी हवी, नाहीतर माझ्यासारखा गार पट्टा. गळ्याशी आवळायची कॉलर हवी, कारण हललं की सगळी ऊब तिथूनच निसटते. आणि लांबी आपल्या मापाची. माझी उंची पाच फूट दोन इंच, सगळ्यांना बसणारी लांब बॅग घेतली तर पायाकडची रिकामी हवाही मलाच तापवावी लागते. तोंड मात्र बॅगेच्या आत घेऊ नका, श्वासाची वाफ भरणात जाते आणि पहाटेपर्यंत सगळं दमट. झोपायच्या आधी कोरडे मोजे, एखादा शेंगदाण्याचा लाडू, आणि कितीही कंटाळा आला तरी लघवीला जाऊन या, अडवून धरून झोप लागत नाहीच.

घरी आल्यावर बॅग त्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका, प्लीज. वर्षभर दाबून ठेवलं की फुगवटा परत येत नाही, ती भाड्याची बॅग बहुतेक अशीच मेली असणार. माझ्या आईने जुन्या सुती साडीची मोठी पिशवी शिवून दिलीये, त्यात सैल भरून कपाटात ठेवते आणि पावसाळ्यात मधेच ऊन पडलं की बाल्कनीत टाकते.

तर भावाचं काय. माझी बॅग दिली असती पण तो पाच अकरा, माझ्या बॅगेत खांद्यापर्यंतच मावेल. आणि एकाच ट्रेकसाठी एवढे पैसे घालू नको असं मीच सांगितलं, भाड्याने घे, पण ताब्यात घेताना उन्हासमोर धर, चेन दोनदा वरखाली करून बघ, मधे उजेड दिसला तर तिथल्या तिथे बदलून माग, लाजू नको. दोन्ही मॅट आणि लायनर माझं नेतोय, शनिवारी येतोय घ्यायला. स्टीलची बाटलीही काढून ठेवलीये, झाकण गळत नाही ना ते गरम पाणी भरून रात्रभर आडवी ठेवून बघितलं, नाही गळत.