मर्यादेखालची रेघ

रात्रपाळीला आले तेव्हा पडद्यावरची एक रेघ दोन तासांपासून चढत होती. तेलविहिरीच्या तोंडाजवळ पाइप जिथे वळतो, त्या वळणाच्या जरा पुढे बाहेरून बसवलेल्या सेन्सरची ती रेघ. वाळूचे कण धातूवर आपटतात तो आवाज हा सेन्सर टिपतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही.

"मॅडम, गॅस वाढलाय, दुसरं काही नाही," जुने ऑपरेटर म्हणाले. त्यांची शंका रास्त होती, कारण गॅसच्या लोटानेही रेघ उसळते. पण तेव्हा ती दाबाबरोबर वरखाली होते. इथे दाब स्थिर होता आणि रेघ उतरायचं नाव घेत नव्हती. त्यात आठवड्यापूर्वी विहिरीला पाणी लागलं होतं, म्हणजे तेलाबरोबर पाणीही येऊ लागलं होतं. ठिसूळ वाळूखडकातले कण थोड्याशा ओलाव्याच्या ताणाने एकमेकांना धरून असतात. पाणी वाढलं की ती पकड सुटते. आदल्या दिवशी उत्पादनासाठी चोकही, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणारी झडपही, मोठा केला होता.

तेल, पाणी आणि गॅस वेगळे करणाऱ्या सेपरेटरच्या आधी नमुना घेतला. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर नळीच्या टोकाशी करडा थर बसला. बोटांत चोळला, कचकचला. लगेच वळणाची जाडी मोजली: ८.५ मिमी असायला हवी, भरली ५. किमान मर्यादेच्या वर, पण फार वर नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर वाळूने होणारी झीज पाचपटीहून जास्त वाढते, त्यामुळे वेळ दवडून चालणार नव्हतं.

"बंदच करू ना?" त्यांनी विचारलं. मला ते नको होतं. प्रवाह एकदम थांबला की ट्युबिंगमध्ये, म्हणजे विहिरीतल्या उभ्या नळीत, वर चढत असलेली वाळू खाली बसते आणि विहीर तुंबते. चोक टप्प्याटप्प्याने लहान केला, दर टप्प्याला नमुना. पहाटेचा नमुना स्वच्छ निघाला.

नंतर विहीर थांबवून वळण बदललं. पुढे ग्रॅव्हल पॅकही केला, म्हणजे वाळू अडवायला विहिरीच्या तळाशी खडीचा थर भरला. खडी खडकातल्या मध्यम कणाच्या ५ ते ६ पट, सॉसियर या संशोधकाच्या १९७४ च्या नियमाप्रमाणे.

काढलेलं वळण कापलं, तेव्हा बाहेरच्या अंगाला आत गुळगुळीत खळगा दिसला. ऑपरेटरांनी त्यात अंगठा ठेवून पाहिला. "मॅडम, हे एका रात्रीचं काम नाही."

मी मागच्या नोंदी काढल्या. पाणी लागलं त्या दिवसापासूनच रेघ थोडी वर होती, पण अलार्मच्या मर्यादेखाली. त्या आठवड्यातल्या तीन पाळ्या माझ्या होत्या.