मावशीचे दोन अंगठे

मावशीने फोटोच्या डाव्या-उजव्या टोकांवर अंगठे ठेवले. म्हणाली, "आता बघ."

आणि खरंच, समोर टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चित्रकथांतल्या, त्याच्या मित्राचा, कॅप्टन हॅडॉकचा वाडा!

फ्रान्समधला शवेर्नीचा राजवाडा. टिनटिनचा चित्रकार हर्जे याने हॅडॉकच्या वाड्यासाठी त्याचे कडेचे दोन भाग वगळून मधलाच रेखाटला. तेवढं डोळ्यांनी पडताळायला मावशी एकसष्टाव्या वर्षी एकटी इंदूरहून तिथवर गेली. आयफेल टॉवरचा एकही फोटो नाही, किती छान!

पोह्यांवर शेव भुरभुरताना तिने सहज विचारलं, "टिनटिन तिबेटला जाताना दिल्लीत कुतुबमिनार पाहून गेला. तू पाहिलास का गं?"

चारदा दिल्लीला गेले. दरवेळी काम उरकून रात्रीच्या गाडीने परत.

इंदूरच्या राजवाड्यापासून घरापर्यंत तोच प्रश्न सोबत होता. लहानपणी जीव लावलेल्या कोणासाठी तुम्ही कधी प्रवास केलाय?