रेडिओने शीळ घातली

२०११ सालचा चैत्र. सासवडच्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, तेवढ्यात टेम्पो थांबला. जवळच्या गावचे आबा आणि मंडपवाल्याचा पोऱ्या दोघं मिळून एक मशीन उचलून आणत होते. आमच्याकडे अँप्लिफायरला मशीनच म्हणतात.

"परवा सप्ताह बसतोय, आणि हे काल टेस्टिंगलाच बसलं," आबा म्हणाले.

शंभर वॅटचं, १९७८ साली देवळाच्या वर्गणीतून घेतलेलं. पुढच्या पट्टीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं, त्यात शेंदूर भरलेला. मी म्हटलं, आबा, एवढ्या पैशात नवीन येईल. त्यावर त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. नाव त्यांच्या वडिलांचं होतं. पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

झाकण काढलं तर आत तेहेतीस वर्षांची धूळ, एक मेलेली पाल आणि ज्याने जोडणी केली त्याचा नीटनेटका हात. वायरींची मोट मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. असली कामं बघितली की मला दुरुस्तीची मजुरी मागायला थोडी लाज वाटते. मागतो अर्थात.

सर्किट जुन्या धाटणीचं: ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे पुश-पुलमध्ये, म्हणजे आळीपाळीने काम करणारे, चार २एन३०५५ नंबरचे ट्रान्झिस्टर, आणि विटेएवढा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याला भोंगे जोडायला ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइन असे टॅप, म्हणजे वेगवेगळी टोकं. चारपैकी दोन ट्रान्झिस्टर शॉर्ट, एका एमिटरचा रजिस्टन्स जळून कोळसा. फिल्टर कंडेन्सरही कोरडा पडला होता, म्हणजे पूर्वीपासून हमिंग असणारच. विचारलं तर आबा म्हणाले, "ते तर असतंच ना मशीनला."

पोऱ्याला विचारलं, भोंगे किती लावले होते? चार. कसे जोडले? "सगळे लाल एकत्र, सगळे काळे एकत्र, सोळावर." तिथेच निदान झालं. भोंग्याचं प्रत्येक युनिट सोळा ओहमचं. चार पॅरलल म्हणजे चार ओहम. ते सोळाच्या टॅपवर जोडलं की ट्रान्झिस्टरला लोड चौपट जड पडतो. त्याला वायरिंग समजावून सांगितलं, कागदावर काढून दिलं. त्याने कागद खिशात घातला.

तापकीर गल्लीतून आणलेले चांगले, खात्रीचे २एन३०५५ माझ्याकडे होते. खात्रीचे असं मुद्दाम म्हणतो, कारण नकली माल एकदा हॅक्सॉने कापून बघितलाय. टोपीखाली चिप एवढीशी की चिमणीसुद्धा दाणा म्हणून टिपणार नाही. हे तसले नव्हते. जोडी जमावी म्हणून चारही बदलले, ट्रान्झिस्टरखाली नवीन मायकाच्या चकत्या आणि पेस्ट, शिवाय कंडेन्सर, रजिस्टन्स. मग काही चुकलं असेल तर करंट आवरावा म्हणून सिरीजला शंभरचा बल्ब लावून चालू केलं. बल्ब क्षणभर पेटला, विझला. एमिटर रजिस्टन्सवर आठ-नऊ मिलिव्होल्ट. सगळं जिथल्या तिथे. मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मशीन थेट मेनवर घेतलं. भोंग्यांच्या जागी लोड म्हणून माझ्याकडे शेगडीची कॉइल आहे, सोळा ओहमला कापलेली. इनपुट काहीच नाही, नुसतं चालू ठेवून झाडून घेत होतो. फळीवरच्या रेडिओवर पुणे केंद्राच्या सात-पाचच्या बातम्या लागल्या आणि बातम्यांच्या मागे शीळ! बारीक, कानात टोचणारी. आधी रेडिओलाच शिव्या घातल्या. मग मशीन झाडायला हात टेकवला तर शिळेचा सूर हलला. हात काढला, परत जागेवर.

ट्रान्झिस्टर गार ठेवणाऱ्या हीट सिंकला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. आवाज नाही, लोड गार, आणि सिंक तव्यासारखा. एमिटरवर आता आठाचे ऐंशी मिलिव्होल्ट झाले होते. मशीन गप्प बसून स्वतःशीच ओरडत होतं, माणसाला ऐकू न येणाऱ्या सुरात. रात्री बल्बमुळे आतला व्होल्टेज उतरला होता, म्हणून ते शहाण्यासारखं वागलं.

सेकंडहँड घेतलेला स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, कपड्याखालून काढला. भोंग्याच्या मशीनला स्कोप कशाला, म्हणून तो वर्षभर तसाच. पडद्यावर रेषेऐवजी जाड धूसर पट्टा. ताणून बघितला तर एक लाट साधारण अडीच मायक्रोसेकंदाची. म्हणजे चारशे किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्याची दुप्पट आठशे. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. दोन जवळजवळच्या लहरी रेडिओत भिडल्या की त्यांच्यातल्या फरकाची शीळ ऐकू येते. शिळेचा हिशोब लागला.

पण कारण? काढलेले जुने ट्रान्झिस्टर डब्यात होते. नंबर तोच, २एन३०५५. पंधरा अँपिअर, साठ व्होल्ट, एकशे पंधरा वॅट, तेही तेच. फरक आतल्या घडणीत. १९६० च्या दशकात आरसीए या अमेरिकन कंपनीने काढलेला मूळ २एन३०५५ होमेटॅक्शियल पद्धतीचा, अगदी मंद. त्याची दौड आठशे किलोहर्ट्झच्या आसपास संपते. आजकालचे एपिटॅक्शियल, ते अडीच मेगाहर्ट्झ किंवा त्याच्याही वर जातात. जुन्या डिझाइनवाल्याने फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत मागे देणं, आखला तो मंद बैल धरून. मी त्याच जुवाला घोडे जुंपले होते. ज्यांच्याकडे काम शिकलो त्या वस्तादांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या काळात सगळा माल मंदच होता.

दुपारपर्यंत खटपट चालली. चारही ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये ४.७ ओहम घातला: शीळ बारीक झाली, गेली नाही. मग ड्रायव्हरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये २२० पिकोफॅरॅडचा डिस्क कंडेन्सर. पट्टा आक्रसून रेष झाला. रेडिओवर आता नुसतं गाणं. आउटपुटला दहा ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅड एकामागे एक लावून ठेवले, कारण भोंग्याची लांब वायर काय करेल सांगता येत नाही. दोन तास पूर्ण आवाजावर चालवलं, कॉइल लाल होईस्तोवर. सिंक हात ठेवण्याइतपत कोमट. झाकणाच्या आत मार्करने लिहिलं: "बेसला ४.७ आणि ड्रायव्हरला २२० मुद्दाम घातले आहेत. काढू नयेत." खाली तारीख.

बिलावर ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर दिसत होते. ज्या पाच-दहा रुपयांच्या मालावर दिवस गेला, तो मी लिहिलाच नाही.

सप्ताहाच्या दुसऱ्या संध्याकाळी आबांचा फोन. "मास्तर, चालतंय झकास, पण पहिल्यापेक्षा गरम वाटतंय." गाडी काढून गेलो. हरिपाठ चालू होता. मशीनच्या मागे वाकून बॅटरी मारली: सगळे लाल एकत्र, सगळे काळे एकत्र, सोळावर.

हरिपाठ संपेपर्यंत थांबलो. मग दोन-दोन भोंगे सिरीजला घेतले आणि त्या दोन जोड्या पॅरलल केल्या, सोळा झाले. पोऱ्या शेजारी उभा राहून बघत होता.

"काका," तो म्हणाला, "पण कालपासून चालत होतं की."