पद्मिनीखाली ओम्नीचा एक्सल: काम कुठवर आलं

जुन्या प्रीमियर पद्मिनीला (आपली फियाट) मारुती ओम्नीचा मागचा एक्सल लावतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "५.१२५ चा रेशो? हायवेवर इंजिन बोंबलेल ना बे!" मूळ चार गिअरच्या बॉक्ससोबत हा आक्षेप अगदी खरा आहे. पण माझ्या गाडीत १०८९ सीसीचं फियाटचं इंजिन तसंच ठेवून मागे मारुती जिप्सीचा पाच गिअरचा बॉक्स बसवलाय, आणि त्या बॉक्समुळेच जुना एक्सल बदलायची वेळ आली.

हिशेब मांडतो. जुनं हाऊसिंग उघडून दात मोजले. पिनियनला (शाफ्टकडचं छोटं गिअर) १०, क्राऊनला (चाकांकडचं मोठं गिअर) ४३, म्हणजे रेशो ४.३: चाक एकदा फिरायला शाफ्ट ४.३ वेळा फिरतो. जिप्सीचा पाचवा गिअर ०.७९५. गुणाकार ३.४२. माझ्या १६५/८० आर १३ टायरवर ताशी ८० ला इंजिन २४५० च्या आसपास फिरतं, आणि चाळीसेक हॉर्सपॉवरचं हे इंजिन तिथे गाडी ओढत नाही, नुसतं कण्हतं. नागपुरात वर्धा रोडवर साधा पूल चढायलाही चौथा घालावा लागायचा. ओम्नीच्या पिनियनला ८ दात, क्राऊनला ४१. त्याचे ५.१२५ गुणिले ०.७९५ म्हणजे ४.०७, आणि त्याच ८० ला सुमारे २९०० आरपीएम. मूळ पद्मिनी टॉपमध्ये साधारण एवढ्यावरच पळायची. ज्या रेशोला सगळे नाकं मुरडतात, तोच पाचव्या गिअरशी बरोबर जुळतो.

मग एक्सलही जिप्सीचाच का नाही? एकतर नंतरच्या जिप्सीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १३०० मिमीच्या घरात, चाक फेंडरबाहेर येतं. शिवाय पाच नटांचा हब, आणि डिफ्रन्शियलचा गोळा उजवीकडे सरकलेला. पद्मिनीचा मागचा ट्रॅक १२१५, ओम्नीचा १२००. बाजूला साडेसात मिमी कमी, तेवढं रिममध्ये जिरतं. ओम्नीचा पीसीडी (चाकाचे नट आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) ४×११४.३ मिमी. पुढे डिस्क बसवताना हब त्याच मापाचे करून घेतले होते, त्यामुळे एकच स्टेपनी चारही चाकांना चालते. ताकदीची चिंता मला नाही. शाळेची पोरं कोंबून वर्षानुवर्षं धावलेल्या ओम्न्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

एक्सल कामठी रोडवरच्या एका कबाड्याकडून आणला. घेताना तेल बोटांवर चोळून पाहा. बारीक करडा लगदा चालतो, चमचमणारी किरचं निघाली तर तसाच परत ठेवा. घरी आणून शेंदूर तेलात कालवला, क्राऊनच्या दातांवर ब्रशने लावला आणि फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) दोन्ही बाजूंनी फिरवली. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे आला. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१२ मिमी. म्हणून क्राऊन-पिनियनला हातच लावला नाही. फक्त बेअरिंग, सील आणि ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) नवे. ब्रीदर चिखलाने गच्च होता. आपल्याकडच्या मे महिन्यात तो बंद असेल तर तापलेली हवा सीलमधून तेल ढकलते आणि ते थेट ब्रेक लायनरवर जातं.

खरा वेळ गेला पाट्यांच्या पॅडमध्ये, म्हणजे एक्सलवर स्प्रिंगचे पाटे जिथे टेकतात त्या बैठकांमध्ये. ओम्नीचे पॅड पद्मिनीच्या पाट्यांशी जुळत नाहीत, ते कापून नवे वेल्ड करावे लागतात. पिनियनचा कोन गाडी जॅकवर असताना कधीही ठरवू नका. टाकी भरली, मागच्या सीटवर गव्हाची पोती ठेवली, गाडी चाकांवर उभी केली आणि मग कोन मोजला. पद्मिनीचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. पुढचा तुकडा ज्या उतारात आहे त्याला पिनियन समांतर हवं, म्हणजे मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वाकणाऱ्या सांध्यांचे) कोन एकमेकांना मारतात. त्यातही मी पिनियनचं नाक एका अंशाने खाली ठेवलं, कारण अॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि ते वर उचललं जातं.

पॅड जागेवर फक्त टाके मारून धरले. पूर्ण वेल्डिंग एक्सल काढून हिंगण्याच्या एमआयडीसीत. हाफ एक्सल, सील, बेअरिंग सगळं बाहेर. एकदा डावीकडे इंचभर, मग उजवीकडे इंचभर. मी घाई करायला लागलो तर वेल्डर म्हणे, "भाऊ, नळी वाकली तं मंग सील रडन. थंडी होऊ द्या नं." डायल गेज लावून पाहिलं, एक्सलची नळी सरळ आहे.

शाफ्टचा मागचा तुकडा कापून त्याला ओम्नीची फ्लँज लावली आणि बॅलन्स करून घेतला. ब्रेकचे पाइप नवे केले, थ्रेड जुळतील असं गृहीत धरू नका. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) निघते, आणि तो तर आपण लावलाच नाही, म्हणून सध्या जीपीएसवाला मीटर.

कागदांचंही बोलू. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून मगच कटर हातात घ्या. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी ५० वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली लागते. माझी १९८३ ची, तिला अजून अवकाश आहे. तरी मागे बॉडीला एकही कट दिलेला नाही. जुना एक्सल ग्रीस लावून गुंडाळून ठेवलाय, चार यू-बोल्ट सोडून, शाफ्टचा मागचा तुकडा आणि ब्रेकचे पाइप बदलले की परत बसतो.

रामटेकला जाऊन आलो. गडाचा चढ दुसऱ्यात आरामात, पहिला गिअर मात्र आता बैलगाडीचा झालाय, निघालं की लगेच बदला. मनसरच्या पुढे पाचव्यात ८० धरून ठेवता येतात, गाडी ओढते. साठच्या आसपास पाय उचलला की बारीक घूं ऐकू येतं, दाबलं की बंद. दाताची सुटताना टेकणारी बाजू जरा झिजलेली असावी. एक्सलमधलं तेल ९० नंबरचं, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल आहे, त्यात काही बदल करणार नाही. हँडब्रेकची केबल अजून बसायची आहे. दोन्ही टोकं वेगळ्या गाड्यांची असल्याने ती बनवूनच घ्यावी लागेल. कुणी नागपुरात अशी केबल करून घेतली असेल तर कुठे, तेवढं सांगा.