धामणीवरचे आरोप

धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिते. म्हशीच्या नाकात शेपूट घालते. शिवाय ती नागाची बायको. इतके आरोप बिचाऱ्या दुसऱ्या कुठल्या सापाच्या वाट्याला आले नसतील!

दुधाचं आधी निकालात काढू. चोखायला लागतात तसे ओठ आणि गाल सापाला नसतातच. दात सुईसारखे, मागे वळलेले. ते कासेत रुतले तर कुठली गाय गप्प उभी राहील? नागाच्या बायकोचंही तसंच. धामणींत नर असतात, माद्या असतात, त्यांचा संसार आपापसातच चालतो.

पण दोन-दोन मीटरचे ते पिवळसर-तपकिरी देह भरदिवसा बांधावर एकमेकांना पिळा घालून उभे राहिले, की बघणारे ‘जुळण लागली’ म्हणून मोकळे होतात. खरं तर बहुतेक वेळा ते दोन नर असतात आणि कुस्ती चाललेली असते. जो दुसऱ्याचं डोकं खाली दाबेल तो जिंकला. चावाचावी जवळपास नाहीच. हरलेला मुकाट्याने वाट धरतो. भांडणाचा इतका सभ्य नियम पाळणाऱ्यांवर आपण प्रणयाचा आळ घेतो, हे मला फार गमतीचं वाटतं.

नाग समजून मारल्या जाणाऱ्या धामणीही कमी नसतील. खरं तर ओळख अगदी तोंडावरच असते: ओठांवरच्या खवल्यांमध्ये काळ्या उभ्या रेघा, टपोरे डोळे, गोल बाहुली. फणा नाही. कोंडीत सापडली तर गळा फुगवून चक्क गुरगुरते, चावतेही. पण विष नाही. भक्ष्याला ती अजगरासारखी आवळतही नाही. अंगाच्या वजनाने जमिनीशी किंवा बिळाच्या भिंतीशी दाबून धरते आणि बऱ्याचदा जिवंतच गिळते. मांजराचा पंजा पोचत नाही अशा बिळात शिरून उंदराची पिल्लंसुद्धा संपवते.

म्हणून तिला ‘शेतकऱ्याचा मित्र’ ही पदवी मिळाली. मला ती जरा जास्तच वाटते. पिकावरचे किडे खाणारा बेडूकही ती तितक्याच आवडीने खाते, सरडे खाते, पाखरांची अंडीही सोडत नाही. आणि पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या जंगलांत तिची गाठ नागराजाशी, म्हणजे किंग कोब्राशी, पडते. साप हेच त्याचं मुख्य अन्न, आणि त्यात धामण हमखास असते. तिथे तर नवरा-बायकोची गोष्ट अगदीच लटकी पडते.